एकाच मताचे टेबल

दि. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपले पत्र परवा मिळाले. गुडघा आता पूर्ण बरा आहे, असे पहिल्या परिच्छेदात लिहिलेत. आणि जिना उतरताना मध्येच पायरीवर बसून जप उरकला, असे तिसऱ्या परिच्छेदात. जप कुठेही करावा हे मला मान्य आहे. पण जिन्याच्या मध्यावर बसलेला मनुष्य केवळ भक्तीने तिथे बसलेला नसतो, एवढे आपल्या भाचीला कळते.

म्हणून आधी मुद्द्याचे लिहिते. आमच्या ज्येष्ठनिवासात तळमजल्यावरची, बागेच्या बाजूची खोली रिकामी झाली आहे. भिंतभर फळ्या आहेत, सगळे ग्रंथ मावतील. पुस्तकबांधणीचे दाबयंत्र खिडकीखाली ठेवता येईल. मार्चअखेरपर्यंत ही खोली आपल्यासाठी राखून ठेवण्याचा शब्द मी मिळवला आहे; त्यापुढे माझे काही चालणार नाही. आई असती, तर तिने आपल्या या भावाला कान धरून आणले असते. मी लहान पडले, म्हणून नुसते पत्र लिहिते.

आता माझे रडगाणे. इथल्या भोजनगृहाची व्यवस्था माझ्याकडे आहे, हे आपण जाणताच. हल्ली नवे व्यवस्थापक आले आहेत. गृहस्थ सज्जन आहेत, पण प्रत्येक गोष्टीची सरासरी काढल्याशिवाय त्यांना घास जात नाही. आम्ही आपसात त्यांना सरासरीसाहेब म्हणतो. त्यांनी भोजनगृहाच्या दाराशी एक मोठी काचेची बरणी ठेवली आहे. संध्याकाळचे जेवण आटोपले, की ज्याचा दिवस सुखात गेला त्याने तीत पांढरा मणी टाकायचा, नाही त्याने काळा. बरणी रोज करडी दिसते आणि साहेबांचे तोंडही तिच्याच रंगाचे होते.

अपवाद एकच. जन्मभर बेकरी चालवलेल्या एक आजी इथे आहेत. सगळे त्यांना बेकरीआजीच म्हणतात. त्या रोज पांढराच मणी टाकतात. अंगात ताप होता त्या दिवशीही पांढराच. ते पाहून साहेबांनी असा विचार मांडला, की यापुढे जी जी खोली रिकामी होईल, तिच्यात बेकरीआजींच्या वळणाचीच माणसे घ्यावीत. सगळी मने तशी झाली, की बरणी पांढरीशुभ्र!

मला यात चूक दाखवता येत नाही आणि हे गळीही उतरत नाही. आपण जन्मभर धर्मग्रंथ बांधलेत, आणि बांधता बांधता वाचलेत. तेव्हा आपणच सांगा: सुख जास्तीत जास्त वाढवायचे, तर सगळी मने एकाच, सर्वांत सुखी नमुन्याची असावीत काय? आणि तशी होईपर्यंत आत्ता आहेत त्या मनांचे मी काय करू?

उत्तर सोबत घेऊनच आलात, तर टपालाचा त्रास वाचेल.

आपला लोभ माझ्यावर आहेच. तो जिन्यावर सांडू नये, एवढीच प्रार्थना.

आपली भाची,
लुडबुड


दि. ९ फेब्रुवारी

चि. लुडबुडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिन्याच्या मध्यावर बसल्याने मनुष्य वर आणि खाली या दोन्ही लोकांपासून सारखाच अलिप्त राहतो, म्हणून ती जागा मी निवडली. या विषयावर अधिक चर्चा नको.

तुझा प्रश्न मात्र मोठा आहे आणि तो तू मला विचारलास याचा आनंद वाटला. तुझ्या साहेबांचा विचार मला शास्त्राला धरून वाटतो. ज्यांचे चित्त खरोखर निवले, अशा पुरुषांची वचने मी देशोदेशींच्या ग्रंथांतून वाचली आहेत. ती सर्व एकाच विहिरीतून शेंदलेल्या पाण्यासारखी लागतात. शांती पावलेले मन आपले वेगळेपण मिरवत नाही. मग सर्वांची मने तशीच झाली, तर दुःखाला टेकायला जागा तरी कोणती उरेल?

पण माणसांची मने पुठ्ठ्यासारखी बदलता येत नाहीत, म्हणून तूर्त एक उपाय कर. सारख्याला सारख्याजवळ बसव. बोलक्यांचे टेबल निराळे, अबोलांचे निराळे. विनोदी, परोपकारी, तक्रारखोर, समाधानी, ज्याचे त्याचे टेबल त्याला दे. मने एकमेकांवर घासली नाहीत, तर ठिणगी उडणार नाही. बांधणीत मी हेच करीत आलो. एका जाडीचे कागद एका जुडीत घ्यावेत. जाड आणि पातळ मिसळले, की पुस्तकाची पाठ वाकडी झालीच म्हणून समज.

माझेच पाहा. आमचे शेजारी, नळवाले, तुला ठाऊक आहेत. पान्याने फिरवता येत नाही अशा कोणत्याही वस्तूवर या गृहस्थांचा विश्वास नाही. माझ्या स्वयंपाकघरातला नळ रोज गळतो, आणि म्हणून हे रोज सकाळी, नेमके माझ्या उपासनेच्या वेळी, पिशवी घेऊन हजर. मोरीखाली आडवे पडून तिथून ईश्वराविषयी शंका काढतात. काल विचारले, की तुमचा देव जर स्वतःच परिपूर्ण आहे, तर त्याला तुमच्या रोजच्या स्तोत्राची हौस कशाला? मी त्यांना तीन कारणे सांगितली. त्यांनी माझ्याच घरचा चहा घेत ऐकून घेतली आणि वर म्हणाले, की चौथे कारण जरा कच्चे वाटते. चौथे मी दिलेच नव्हते! अशा सहवासात चित्तशुद्धी व्हावी तरी कशी?

तेव्हा खोलीचा विचार करीन, पण माझी अट आहे. जेवणाच्या टेबलाशी माझ्याच मताची माणसे हवीत: श्रद्धाळू, वाचलेली, आणि घास तोंडात असताना वाद न घालणारी. असे टेबल असेल तर येतो. नसेल तर माझा जिना मला बरा.

जगन्नियंता तुझी बरणी उजळो. जिन्याविषयीच्या टीकेने तुझ्यावरचा लोभ उणा झालेला नाही, हे तू माझे मोठेपण समजावेस.

तुझा
मामा


दि. २७ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे सारख्याला सारखे बसवले. पहिले काही दिवस बरणी अशी पांढरी झाली, की सरासरीसाहेब तिच्याकडे बघत उभ्याउभ्याच जेवले. आपल्याला तार करावी असे माझ्या मनात होते. बरे झाले, केली नाही.

आता ऐका. विनोदी मंडळींच्या टेबलावर स्मशानशांतता आहे. तिथे प्रत्येकजण स्वतःचा किस्सा जिभेवर घेऊन दुसऱ्याचा संपण्याची वाट बघतो. हसायला कुणाला फुरसतच नाही. परवा एकाने किस्सा सुरू केला, तर दुसऱ्याने हा आपल्याला ठाऊक आहे असे सांगून त्याचा शेवट स्वतःच करून टाकला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे.

परोपकारी मंडळींचे त्याहून कठीण. सूपचे भांडे आधी तुम्ही घ्या, छे छे आधी तुम्ही, असे टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत राहते आणि थंडगार होऊन माझ्याकडे परत येते. पाव शेवटी ताटात तसाच, आणि सगळे उपाशी! मी कंबरेवर हात ठेवून दटावले, तेव्हा कुठे घास तोंडात गेला.

अबोलांच्या टेबलावरच्या एक बाई, ज्यांचा आवाज मी आजवर नीट ऐकलाही नव्हता, त्या स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, की मला बोलता येत नाही म्हणून मी गप्प बसत नव्हते, मला ऐकायला आवडते म्हणून बसत होते. आता ऐकू काय, चमच्यांचा आवाज? कुणातरी बडबड्याशेजारी मला हलवा. मामा, त्या आयुष्यात एका दमात इतके बोलल्या नसतील.

आणि कळस म्हणजे बेकरीआजी. त्यांना समाधानी मंडळींत बसवले, तर त्यांनी पहिल्यांदाच काळा मणी टाकला. काय झाले म्हणून विचारले, तर नुसते हसून सवड झाली की सांगेन म्हणाल्या.

फक्त तक्रारखोर मात्र स्वर्गात आहेत. खुर्च्या टोचतात, सूप खारट आहे, हवा बिघडली आहे, असे म्हणत म्हणत मोठमोठ्याने हसतात आणि दिवे मालवले तरी उठत नाहीत. मणी सगळे पांढरे! याचा अर्थ साहेबांना लागेना, मला तर नाहीच.

असो. आपले टेबल मात्र अटीबरहुकूम तयार आहे. एक जुने ग्रंथपाल, एक निवृत्त परिचारिका आणि एक न्यायालयातले लेखनिक. तिघांचीही सकाळ प्रार्थनेने उजाडते, तिघांनीही भरपूर वाचले आहे आणि तिघेही आवाज चढवत नाहीत. चौथी खुर्ची रिकामी आहे. निदान पारखून पाहायला तरी या. मार्च लागतो आहे.

मायेचा हात डोक्यावर राहू द्यावा. शक्यतो पत्रातून नव्हे, प्रत्यक्ष.

आपली
लुडबुड


दि. ५ मार्च

चि. लुडबुडीस,
आशीर्वाद.

तुझा प्रयोग फसला तो सिद्धांताच्या दोषाने नव्हे. वर्गवारी पुरेशी बारीक झाली नाही म्हणून. विनोदी म्हणजे कोणत्या प्रकारचे विनोदी, हे तू पाहायला हवे होतेस. असे मी तुला लिहिणार होतो, तेवढ्यात नळवाल्यांनी तुझे पत्र वाचून दाखवायला लावले. परोपकाऱ्यांच्या सूपपाशी ते इतके हसले, की मोरीखाली त्यांचे डोके आपटले. ईश्वर न्यायी आहे.

पण डोके चोळत चोळत त्यांनी एक शंका काढली आणि ती मला अजून छळते आहे. म्हणाले, की सर्वांत सुखी मनाचा एकच नमुना जर उत्तम, तर तुमच्या देवाने पहिला चांगला माणूस घडवल्यावर हात का थांबवले नाहीत? त्याच साच्यातून पुढचे सगळे ओतले असते, तर किती श्रम वाचले असते! मी म्हणालो, त्याची लीला अगम्य आहे. त्यावर म्हणतात, की पाणी कुठून गळते ते सापडले नाही, की माझा मुलगाही असेच काहीतरी म्हणतो.

एकूण माझा निश्चय झाला. मी अकरा तारखेला येतो. मार्चअखेरपर्यंत राहून पाहीन आणि मग कायमचे काय ते ठरवीन. घराची किल्ली नळवाल्यांकडे देत आहे, नळावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवे. ते म्हणाले, सुटलो एकदाचा. मी म्हणालो, माझेही तेच म्हणणे आहे. मग आम्ही दोघे बराच वेळ जिन्यातच उभे होतो. माझ्या गुडघ्यामुळे.

भेटीअंती लोभाची देवघेव समक्षच होईल, म्हणून इथे लिहीत नाही.

तुझा
मामा


दि. १७ मार्च

रा. रा. नळवाले यांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. खोली उत्तम आहे. बाग उत्तम आहे. भाचीचा स्वयंपाक उत्तम, आणि टेबलाशी मिळालेले सोबती तर अत्युत्तम. मला हवे ते सर्व, मला हवे तसे मिळाले आहे, हे आपल्याला कळवणे मी कर्तव्य समजतो.

पहिल्या संध्याकाळी मी सहज विषय काढला, की परिपूर्णाला स्तुतीची गरज नसते. स्तुती ही करणाऱ्याच्या मनाची मशागत असते. ग्रंथपाल म्हणाले, अगदी खरे. परिचारिकाबाई म्हणाल्या, माझ्या मनातले बोललात. लेखनिक म्हणाले, की मी हेच, याच शब्दांत बोलणार होतो. मग सूप आले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच विषयावर थोडे दुबळे कारण मांडून पाहिले. तेही मान्य झाले. पुढे एके दिवशी, आपण ज्याला कच्चे म्हणता ते न दिलेले चौथे कारण मी स्वतःच रचून पुढे केले. तेही सर्वांना पटले. शेवटी आज एक धडधडीत चुकीचे विधान केले. तिघांनीही माना डोलावल्या. परिचारिकाबाई तर म्हणाल्या, किती सुंदर! तिघेही खरोखर सात्त्विक माणसे आहेत. दोष त्यांचा नाही. चार खुर्च्यांवर मीच चार वेळा बसलो आहे, असे मला वाटू लागले आहे, आणि चौघांपैकी एकालाही नवे काही ठाऊक नाही.

इकडे शेजारच्या टेबलावरून तक्रारखोरांचे हसणे सारखे कानी येते. न राहवून आज त्यांच्यात जाऊन बसलो. तिथे जे दिसले, ते माझ्या भाचीच्या नजरेतून सुटले होते. त्यांतल्या एकाची तक्रार सूपवर, एकाची हवेवर, एकाची सुनेवर आणि एकाची स्वतःच्या कंबरेवर. प्रत्येकाला दुसऱ्याचे दुःख अगदीच किरकोळ वाटते आणि तसे ते तोंडावर सांगतात. कंबरवाले सुनेची बाजू घेतात. सूपवाले हवेचे कौतुक करतात. रोज मोठे न्यायालय भरते! त्यांचा चेहरा एक आहे, मन एक नाही. भाचीने चेहरा पाहून बसवले आणि योगायोगाने तेवढे एकच टेबल बरोबर बसले.

हे केवळ माहितीसाठी लिहिले आहे. नळाचे कसे आहे?

आपला स्नेह होता तेवढाच असावा. वाढवण्याची तसदी घेऊ नये.

आपला
पुस्तकबांधणीवाला


दि. २० मार्च

बांधणीमास्तरांस नमस्कार.

मला लांबलचक लिहिता येत नाही. पत्र मिळाले. त्यात उत्तम हा शब्द फार वेळा आला आहे. गिऱ्हाईक इतक्यांदा उत्तम म्हणाले, की मी परत जाऊन जोड तपासतो.

तुमचा नळ गळत नाही. तुम्ही गेल्यापासून एक थेंब नाही. मी रोज सकाळी जाऊन बघतो. इतकी वर्षे रोज गळणारा नळ, मालक गावाला गेला की आपोआप सुधारतो, हे आमच्या धंद्यात कुणी ऐकलेले नाही. लीला अगम्य असेल.

काल सवयीने मोरीखाली पडलो आणि एक चांगली शंका विचारली. उत्तर आले नाही. तुमचा देवही तुमच्याशी असाच वागत असेल, तर तुमच्या चिकाटीला मानले.

दुकान मुलगा बघतो. मी गेलो, की बाबा बसा म्हणतो, म्हणजे उठा.

ते धडधडीत चुकीचे विधान कोणते, ते कळवा. ते न खोडता तसेच उभे आहे, ही गोष्ट मला सहन होत नाही.

राग लोभ दोन्ही ठेवा.

नळवाला


दि. २२ मार्च

ती. नळवालेकाकांस,
सा. नमस्कार वि. वि.

मी मामांची भाची. हे पत्र त्यांना न सांगता लिहीत आहे, तेव्हा पोटात ठेवावे.

मामा सगळ्यांना सांगतात, की मी परम सुखात आहे. पण बरणीशी मीच उभी असते. ते मूठ झाकून मणी टाकतात, आणि रोज काळा टाकतात. विचारले, तर दाराशी उजेड कमी आहे, रंग कळत नाही म्हणाले. जन्मभर कातड्याच्या रंगछटा पारखलेला माणूस! काल त्यांनी ग्रंथ खोक्यात भरायला घेतले. मार्च संपत आला. ते परत गेले, तर पुन्हा तो जिना आणि तो गुडघा; एखाद्या दिवशी मधल्या पायरीवर बसण्याऐवजी ते खालच्या पायरीवर पडलेले सापडतील, या धास्तीने माझ्या हातून आज भाजी करपली.

बेकरीआजींनी अखेर काळ्या मण्याचे कारण सांगितले, आणि तेही थेट सरासरीसाहेबांना. म्हणाल्या, की माझी एक बहीण होती, हुबेहूब माझ्याच स्वभावाची. दोघी सदा आनंदी, दोघींना दुसऱ्याला खाऊ घालण्याची भारी हौस. दोन दिवस एकत्र राहिलो, की घरात दोन घाणे पाव आणि खायला कुणी नाही. दोघी एकमेकींच्या पोटावर टपलेल्या आणि भूक एकीलाही नाही! माझे सुख माझ्यात नाही हो साहेब, ते समोरच्या चिडक्या माणसाने पहिला घास घेतल्यावर त्याच्या कपाळावरची आठी उतरते, त्या आठीत आहे. तुम्ही सगळ्यांच्या आठ्या आधीच काढून टाकल्यात, तर मी करू काय?

साहेबांनी यावर पुष्कळ विचार केला. आता टेबलांची वाटणी मोडली आहे आणि ज्याला जिथे रुचेल तिथे तो बसतो. तक्रारखोरांनी मात्र जागा सोडायला साफ नकार दिला आणि जबरदस्ती होते अशी नवी तक्रार मिळाल्याने ते अधिकच खुशीत आहेत. अबोल बाई दोन किस्सेवाल्यांच्या मध्ये बसून ऐकतात; त्या दोघांचे बोलणेही त्यांच्यामार्फत सुरू झाले. बरणी अजून करडीच आहे, पण पूर्वीपेक्षा उजळ.

मामांना मी कुठेही बसा म्हटले. ते त्याच खुर्चीवर बसतात. मला वाटते, त्यांना हवा असलेला माणूस कुठल्याच टेबलाशी नाही.

मार्चअखेरीला वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी होते. साहेबांनी मला विचारले, की आपल्याकडे कोणत्या स्वभावाची उणीव आहे. मी म्हटले, कशावरही विश्वास नसलेल्या आणि नळ दुरुस्त करणाऱ्या स्वभावाची. हा गृहस्थ पांढरे मणी टाकील का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, त्याची खात्री देत नाही. पण त्याच्या समोर बसणारा टाकील. ते हसले आणि नाव नोंदवायला सांगितले.

काका, ते तुम्हाला बोलावणार नाहीत आणि तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही, हे मी ओळखून आहे. दोघांपैकी ज्याचा हट्ट आधी मोडेल, त्याला माझ्या हातचे गोड खायला मिळेल.

आपण मला फारसे ओळखत नाही, तरीही आपल्या मायेवर हक्क सांगते. लुडबुड हे नाव मामांनी उगाच ठेवलेले नाही.

आपली
लुडबुड


दि. २५ मार्च

रा. रा. नळवाले यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली शंका घेऊन मी इतके दिवस बसलो होतो. उत्तर सापडले आहे असे वाटते, म्हणून लिहितो.

सृष्टीच्या आधी जो एकटाच होता, तो परिपूर्ण होता, असे आपले वाडवडील सांगत आले. त्याला काहीही कमी नव्हते. तरीही, ते सांगतात, त्याला एकट्याने रमेना, आणि तो अनेक झाला. ही कथा मी किती वेळा शिवली, किती वेळा तिच्यावर कातडे चढवले. पण रमेना या शब्दावर कधी थांबलो नव्हतो. त्याला जर स्वतःसारखाच दुसरा हवा असता, तर एका आरशात भागले असते. त्याने आरसा केला नाही. त्याने बेकरीआजी केल्या, कंबरवाले गृहस्थ केले, आणि फार विचारांती आपल्याला केले.

मला आता असे वाटते, की आनंदाला साक्षीदार लागतो, आणि आपणच आपले साक्षीदार होऊन भागत नाही. एकाच सुखी मनाच्या हजार प्रती काढल्या, तर सुख हजारपट होईल असे सरासरीसाहेबांसारखे मीही मानत होतो. पण एकच पोथी हजारदा बांधून ठेवली, तर त्याला कोणी ग्रंथालय म्हणणार नाही. वाचणारा पहिली उघडतो आणि उरलेल्या सगळ्या मिटलेल्याच राहतात.

सगळेच वेगळेपण सुखाचे, असे मात्र मी म्हणत नाही. दुष्ट मनाचा एक माणूस टेबलाशी आला, तर सूप नासते, आणि त्याला विविधता म्हणून वाढू नये. सज्जनांविषयीच बोलतो आहे. सज्जन निरनिराळे असावेत. आपण सज्जन आहात, हे विधान मी नाइलाजाने करीत आहे.

आपण विचारलेले ते धडधडीत चुकीचे विधान मी पत्रात लिहिणार नाही. ते समोरासमोर खोडण्याजोगे आहे आणि मी त्याच्या बाजूने बरीच तयारी करून ठेवली आहे. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी आहे. ग्रंथपाल हल्ली तक्रारखोरांच्या टेबलाशी रमतात.

ग्रंथ पुन्हा खोक्यातून काढावेत की नाही, हे अजून ठरलेले नाही. ते पुष्कळसे आपल्या उत्तरावर आहे.

जाता जाता आणखी एक. इथल्या माझ्या खोलीतला नळ कालपासून गळू लागला आहे. संस्थेचा कारागीर येऊन पाहून गेला. म्हणाला, की नळात काही दोष नाही, कुणीतरी हाताने ढिला केलेला दिसतो. त्याचे निदान मला पटले नाही. जाणकार माणसाने पाहिलेले बरे.

लोभ असावा. मागच्या पत्रात वाढवू नये असे लिहिले होते, ते खोडून वाचावे.

आपला
बांधणीमास्तर


दि. २८ मार्च

बांधणीमास्तरांस नमस्कार.

ग्रंथ काढा. एकतीस तारखेला येतो. वरच्या मजल्यावरची खोली चालेल, माझे गुडघे नास्तिक असूनही शाबूत आहेत. मुलाला सांगितले, तर त्याने पिशवी स्वतः भरून दिली. इतका उत्साह त्याने दुकानात कधी दाखवला नव्हता.

अटी ऐकून ठेवा. तुमच्या समोरची खुर्ची माझी. तुमचे एक अक्षर मान्य करणार नाही. तुमच्या पत्रातले आरशाचे बरे आहे, पण एक जोड कच्चा आहे, तो आल्यावर दाखवतो. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसेन, आमेन किंवा तथास्तु म्हणणार नाही. भाचीला सांगा, की गोड तुम्हाला द्यायचे, हट्ट तुमचा आधी मोडला. मी अर्धे घेईन.

तुमच्या घराची किल्ली, पाना आणि पकड बरोबर आणतो. वॉशरही नवा कोरा घेतला आहे.

पण तो लगेच बसवीनच, असे नाही.

तुमचा
नळवाला